टणटण वाजणारी वीट म्हणजे चांगले वीटकाम नव्हे

घर बांधायला काढलेल्या माणसाच्या मोबाइलवर एक मजकूर हमखास येऊन पोहोचतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहा, एक वीट कमरेच्या उंचीवरून खाली टाका, ती टणटणली आणि फुटली नाही की भिंतीची काळजी मिटली. माल, म्हणजे विटा जोडणारे सिमेंट-वाळूचे मिश्रण, सढळ हाताने वापरायला सांगा, त्यात सिमेंट वाढवा, आणि काही वेडेवाकडे राहिलेच तर ते गिलाव्यात झाकले जाते. यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि उरलेला घरमालकाचे नुकसान करणारा आहे, म्हणून त्याला मुद्द्यागणिक उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

टणक आवाजावरून वीट भाजली गेली आहे एवढेच कळते. जास्त भाजून वाकडी झालेली खंगर वीटही खणखणीत वाजते, आणि भट्टीत सगळीकडे सारखी आच लागत नसल्यामुळे गाडीतल्या वरच्या दोन विटांवरून खालच्या विटांचा अंदाज येत नाही. टाकून पाहण्याचा निकाल तर विटेइतकाच खालच्या जमिनीवर अवलंबून असतो. त्यापेक्षा गाडीतल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या काही विटा पूर्ण कोरड्या असताना वजन कराव्यात, 24 तास पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि पुसून पुन्हा वजन कराव्यात. भारतीय मानकाप्रमाणे नेहमीच्या बांधकामाच्या विटेने स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. म्हणजे 3 किलोची वीट भिजल्यावर 3.6 किलोच्या वर जाता कामा नये.

मालाचा थर जाड असला की भिंत मजबूत होते, ही समजूत उलटी आहे. जाड दरज, म्हणजे दोन विटांमधला मालाचा सांधा, जास्त आकसते, आणि बहुतेक वेळा ती लहानमोठ्या विटांचा फरक लपवण्यासाठीच घातलेली असते. दरज सुमारे 10 मिलिमीटरची असावी. हे तपासायला दहा थरांची उंची टेपने मोजणे पुरेसे आहे : वीट 7 सेंटिमीटर उंचीची असेल तर दहा थर 80 सेंटिमीटरच्या आसपास यायला हवेत, 85 आले तर दरजा फुगल्या आहेत असे खुशाल समजावे. सिमेंटचेही तसेच आहे. नऊ इंची भिंतीला सिमेंट-वाळूचे एकास सहा आणि साडेचार इंचीला एकास चार हे प्रमाण रूढ आहे. त्याहून कडक माल आकसून तडकतो. खरी हानी कालवून ठेवलेला माल घट्ट झाल्यावर त्यात पुन्हा पाणी ओतून तो वापरल्याने होते, आणि त्याबद्दल हा मजकूर अवाक्षरही काढत नाही.

मुख्य मुद्दा उभ्या दरजांचा आहे. घाईतला गवंडी विटेच्या बाजूला थापीने नावापुरता माल चोपडतो आणि पुढची वीट टेकवतो. मध्ये पोकळी राहते. बाहेरून दरज भरलेली दिसते, पण कोकणात किंवा घाटमाथ्यावर जेव्हा आडवा पाऊस भिंतीवर आपटतो तेव्हा पाणी गिलाव्याच्या बारीक भेगांतून शिरून नेमके या पोकळ्यांतून आत येते. गिलावा करण्यापूर्वी, अंधार पडल्यावर, भिंतीच्या एका बाजूला विजेरी धरून दुसऱ्या बाजूने पाहावे. जिथून उजेड झिरपतो तिथून पाणीही झिरपणार. विटा कोरड्या लावल्या तरी नंतर पाणी मारून भागते, हेही याच मजकुरातले विधान चुकीचे आहे. कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते आणि सिमेंट नीट घट्ट होण्याआधीच माल भुसभुशीत होतो. काम चालू असताना नुकतीच बसवलेली एखादी वीट गवंड्याला उचलून दाखवायला सांगावे : तिच्या तळाला माल सगळीकडे चिकटलेला असेल तर काम ठीक आहे, तळ कोरा निघाला किंवा माल वाळूसारखा गळून पडला, तर ते थर उतरवायला सांगण्यात संकोच करू नये. बांधकामानंतर किमान सात दिवस पाणी मारावेच लागते, पण त्याने आधीची चूक दुरुस्त होत नाही.

राहिला गिलावा. मजल्याच्या तीन मीटर उंचीत भिंत 6 मिलिमीटरहून जास्त ओळंब्याबाहेर, म्हणजे सरळ उभ्या रेषेबाहेर, जाऊ नये. ती जास्त गेली तर सपाटी आणण्यासाठी गिलावा जागोजागी जाड करावा लागतो, त्याचे पैसे मालकाच्या माथी बसतात आणि असा जाड थर पुढे पोकळ वाजू लागतो. जे झाकले जाते ते दुरुस्त झालेले नसते.

आरसीसीच्या घरात भार खांब घेतात, मग विटांचे एवढे कशाला, असेही विचारले जाते. भार खांब घेतात हे खरे आहे. मात्र पाऊस अडवायचा तो भिंतीनेच. शिवाय भिंत एका दिवसात तुळईपर्यंत चढवली तर ओला माल दबून वरची फट उघडते आणि तिथे आडवी भेग दिसू लागते. म्हणून दिवसाला दीड मीटरच्या वर बांधू देऊ नये, आणि तुळईखालचा शेवटचा थर खालचे काम बसल्यावर, काही दिवसांनी, ठासून भरून घ्यावा.