'शेवट बघा, काळ ओळखा' हा तक्ता पेपरात का फसतो

सोलापुरातल्या स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक तक्ता सारखा फिरतो. मराठी क्रियापदाचा शेवट बघा, इंग्रजी काळ आपोआप मिळेल, असं त्याचं म्हणणं. सोप्या वाक्यांना तो लागू पडतो, म्हणूनच मुलं त्यावर विसंबतात आणि मार्क घालवतात.

"'ला आहे' म्हणजे हॅव-हॅज." सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'मी २०१९ साली गड्ड्याच्या यात्रेला गेलो आहे' हे मराठीत बरोबर आहे. इंग्रजीत मात्र संपून गेलेली वेळ सांगितली की हॅव चालत नाही. येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ यांपैकी काहीही आलं तर सिंपल पास्टच: आय वेंट. वेळ न सांगता नुसता अनुभव सांगायचा असेल तर हॅव घ्या, पण 'हॅव बीन टू' असा. 'ही हॅज गॉन टू पुणे' म्हणजे तो गेलाय आणि अजून परतलेला नाही. 'धिस मॉर्निंग' तर घड्याळावर ठरतं: सकाळी दहाला बोलताना हॅव चालेल, संध्याकाळी नाही.

"'ला होता' म्हणजे हॅड." 'सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ लागला होता.' एवढंच वाक्य असेल तर 'वॉज इम्पोज्ड' पुरे. मराठीतल्या 'होता'ला गोष्ट जुनी असली की भागतं. इंग्रजी हॅडला भूतकाळातलीच दुसरी घटना लागते, आणि हॅड तिच्या आधी घडलेल्या घटनेला लावतात: 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' इथे नुसतं 'लेफ्ट' लिहिलं तर आपण पोहोचलो आणि मग गाडी सुटली, असा अर्थ होतो.

"'तो-ते' म्हणजे सिंपल प्रेझेंट." 'मी सोलापुरात राहतो' याला आय लिव्ह ठीक. 'मी दहा वर्षांपासून सोलापुरात राहतो' यात शेवट तोच, पण इंग्रजीत 'आय हॅव लिव्ह्ड इन सोलापूर फॉर टेन इयर्स'. किती काळ ते सांगितलं तर फॉर, कधीपासून ते सांगितलं तर सिन्स. 'सिन्स टेन इयर्स' ही आपल्याकडे अगदी रुळलेली चूक आहे. म्हणून क्रियापदाकडे जाण्याआधी वेळेच्या शब्दाखाली रेघ मारा आणि ती वेळ संपली की चालू आहे, हे ठरवा.

"'त आहे' म्हणजे आयएनजी." नो (माहीत असणे), बिलाँग, ओन यांना आयएनजी लावत नाहीत. 'मला उत्तर माहीत आहे' याला 'आय नो द आन्सर'.

आणि 'तू आलास की मी पैसे देईन' याचं तक्ता काय करणार? 'आलास' भूतकाळी रूप, गोष्ट मात्र पुढची. इंग्रजीत 'व्हेन यू कम, आय विल पे'. केम नाही आणि विल कमही नाही. पुढच्या गोष्टीबद्दल बोलताना इफ, अनटिल, बिफोर, ॲज सून ॲज यांच्यानंतरही हेच: विल न लावता सिंपल प्रेझेंट.