बँकेत आलं तेवढंच उत्पन्न?

दरवर्षी रिटर्न भरायची वेळ आली की ऑनलाइन विकणाऱ्यांची तीच चूक. बँकेत जमा झालेली रक्कम उचलायची आणि 'विक्री' म्हणून लिहून टाकायची! अहो, ती विक्री नव्हे. माल 1,000 चा गेला, 100 चा परत आला, प्लॅटफॉर्मने (ज्या ऑनलाइन बाजारावर विकता त्याने) कमिशन 150 कापलं, कुरिअरचे 70 गेले आणि खात्यात 680 पडले. प्लॅटफॉर्म कर खात्याला माहिती देतो तेव्हा आकडा बहुधा 1,000 चा असतो. तुमचा 680. मग तफावतीची नोटीस येणार नाही तर काय होणार? एकूण विक्री 1,000 दाखवा, परतावा वजा करा, कमिशन आणि कुरिअर खर्चात वेगळे धरा. नफा तोच राहतो, पण हिशोब जुळतो.

त्यात प्लॅटफॉर्मवाले! कमिशन एका फाइलीत, परतावे दुसऱ्या, जाहिरातीची कपात तिसरीत. वर्षअखेरीला विकलेल्या मालाचे पैसे पुढच्या वर्षात जमा होतात, तो घोळ निराळाच. म्हणून दर महिन्याला सेटलमेंट रिपोर्ट (प्लॅटफॉर्मने किती कापलं, किती दिलं याचा हिशोब) उतरवून ठेवायचा. जुने रिपोर्ट नंतर मिळतीलच असं नाही.

आणि खरेदी? 40 नग घेतले, 25 विकले, तर मालाची किंमत 25 नगांचीच धरायची. उरलेले 15 शिल्लक साठ्यात. सगळे 40 खर्चात टाकले की या वर्षीचा नफा खोटा आणि पुढच्या वर्षीचाही.