रामकुंडावर नुसतं आडनाव सांगून वंशावळ मिळत नाही

‘नाशिकला रामकुंडावर जा, आडनाव सांगा, तासाभरात सात पिढ्यांची वंशावळ हातात, सरकारी दाखल्यांची गरजच नाही!’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरतोय. तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांनी येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ठेवलेल्या वह्या, हा खरोखर अमोल ठेवा आहे, पण एवढ्याच भरवशावर गेलेली माणसं हिरमुसून परततात.

आडनावावर काम भागत नाही. चोपड्या लावलेल्या असतात गावावरून आणि जातीवरून. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही तर वतनाची नावं, गावोगाव सापडणारी. म्हणून आधी मूळ गाव पक्कं करा, तेही आजचं राहतं नव्हे, भाऊबंद जिथले ते. मग पंचवटीत ‘अमुक गावचे उपाध्ये कोण?’ असं विचारा. उपाध्यांच्या घरातही वाटण्या झालेल्या असतात. एका दारी चोपडी नसेल तर त्यांच्या भाऊबंदांकडे असू शकते.

‘सात पिढ्या’ एका पानावर नसतात. घरातलं कुणी दशक्रियेला, अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला आलं, तरच नोंद होते. आलेला माणूस स्वतःचं, बापाचं, आजाचं, भावांचं आणि मुलांचं नाव सांगतो. अशा नोंदी एकमेकींना जोडत मागे जायचं. मधल्या दोन पिढ्या नाशिकला आल्याच नाहीत, तर साखळी तिथेच तुटते. लेकींची नावं बहुतेकदा नसतात. त्या सासरच्या चोपडीत शोधाव्या लागतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नावांत. नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे ‘सखाराम रामजी’च्या खाली ‘रामजी सखाराम’ आणि पुन्हा ‘सखाराम रामजी’. दोन सखाराम एकच धरले की दोन पिढ्या गळतात. ओळख पटवायची ती भावांच्या नावांवरून. त्यात जुनी नोंद मोडी लिपीत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली. साल शके असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९. परवानगी मिळाली तर आख्ख्या पानाचा फोटो घ्या, कारण आजूबाजूच्या नोंदींवरून काळ ठरतो.

‘सरकारी दाखल्यांची गरजच नाही’ हे तर साफ चूक. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक असतात. ते धरून एकेक फेरफार मागे काढत जा. जुन्या वारस नोंदीत मयताचे मुलगे आणि विधवा यांची नावं मिळतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुना गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, मागा. तिथे बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. तेव्हा शोधायचं बापाच्या नावाने.

कागद मागताना गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं तेही तपासा. त्र्यंबकेश्वर आणि देवळा हे तालुके १९९९ चे. नाशिक जिल्हाच १८६९ चा. त्याआधीचे कागद अहमदनगर आणि खानदेश जिल्ह्यांच्या नावावर असतात.