क्रांतीची कुंडली कोणत्या वेळेची?

नेपाळमध्ये 8 सप्टेंबर 2025 ला तरुण पोरं रस्त्यावर उतरली, 9 तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, सिंहदरबार हा सरकारी कारभाराचा वाडा जळाला आणि 12 तारखेला सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. हे सुरू व्हायच्या आदल्याच रात्री, म्हणजे 7 सप्टेंबरला, भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसलं होतं. रात्री 11 पासून सुमारे 82 मिनिटं चंद्र तांबूस होता. नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांना एवढं पुरेसं झालं. धरमपेठेतले काका आणि महालातले भाऊ दोघांचेही निरोप इथे लंडनमध्ये माझ्यापर्यंत पोचले. एकाचं म्हणणं, ग्रहणानं राज्य पालटलं. दुसऱ्याचं म्हणणं, हे सगळं थोतांड आहे, सोशल मीडियावर बंदी घातली म्हणून भडका उडाला.

दुसऱ्या बाजूचं कारण खरं आहे. 4 सप्टेंबरला 26 समाजमाध्यमं बंद केली आणि त्याआधीपासून बेरोजगारी आणि नेत्यांच्या मुलांची चैन हा राग साचत होता. पण वाद तिथे संपवला तर पहिल्या बाजूचं गणित कुणी तपासतच नाही. ते तपासण्यासारखं आहे, कारण त्यात दम वाटावा अशी एक जागा आहे.

देशांच्या भविष्याचं शास्त्र, म्हणजे मेदिनीय ज्योतिष, आपल्याकडे प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहितेवर उभं आहे. तिच्या कूर्मविभागात 27 नक्षत्रांचे तीन-तीनचे नऊ गट पाडून ते नऊ दिशांना वाटले आहेत. कृत्तिका, रोहिणी, मृग हे मधल्या देशाचे. आर्द्रेपासून पूर्व सुरू होते, मग आग्नेय, दक्षिण असं फिरत जातं. 7 सप्टेंबरच्या ग्रहणात चंद्र कुंभेच्या 21 अंशांवर, म्हणजे पूर्वा भाद्रपदात होता. शततारका, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा हा गट उत्तर दिशेचा, आणि त्या यादीत कैलास आणि हिमवान आहेत. काकांनी निरोपात हे लिहिलं असतं तर भाऊंना दोन मिनिटं गप्प बसावं लागलं असतं.

पण त्याच उत्तरेच्या यादीत तक्षशिला आहे, गांधार आहे, मद्र आहे. म्हणजे आजच्या अफगाणिस्तानच्या कडेपासून हिमालयापर्यंत कुठेही काही झालं की ग्रहण लागू पडतं. जाळं इतकं रुंद टाकल्यावर मासा मिळाल्याचं कौतुक किती करायचं? आग्नेयेचा गट घ्या: आश्लेषा, मघा, पूर्वा फाल्गुनी. त्यात कोसल, कलिंग, वंग, आंध्र, चेदी आणि आपला विदर्भ. 3 मार्च 2026 च्या, होळीपौर्णिमेच्या खग्रास चंद्रग्रहणात चंद्र पूर्वा फाल्गुनीत. या हिशेबानं ते ग्रहण थेट नागपूरच्या माथी येतं. तसं कुणी छापून दिलेलं मला तरी दिसलं नाही. ढाक्यापासून विजयवाड्यापर्यंत पुढे काहीही घडलं की ते मात्र हमखास आठवेल.

मुदतीचा प्रश्न आणखी बिकट आहे. ग्रहणांचा हंगाम सुमारे 173 दिवसांनी येतो आणि त्यात साधारण 14 दिवसांच्या अंतरानं किमान दोन ग्रहणं होतात. ग्रहणाच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना प्रभावाचा धरला तर 14 अधिक 60, म्हणजे 173 पैकी 74 दिवस प्रभावाखाली. हे 43 टक्के होतात. जगातली कुठलीही क्रांती डोळे मिटून निवडा, जवळजवळ अर्ध्या वेळा ग्रहण शेजारीच सापडेल. परंपरेनं सांगितलेली सहा महिन्यांची मुदत घेतली तर एकही दिवस मोकळा राहत नाही.

विदर्भातलंच उदाहरण घ्या. चिमूर-आष्टीचा उठाव 16 ऑगस्ट 1942 चा, नागपंचमीचा. चार दिवस आधीच्या अमावस्येला, 12 ऑगस्टला, सूर्यग्रहण होतं. बसलं की नाही चपखल? फक्त ते ग्रहण दक्षिण ध्रुवाकडचं, खंडग्रास आणि अगदी बारीक. भारतातून दिसलंच नाही. जे ग्रहण दिसत नाही ते पाळायचं नाही, हा आपल्याच पंचांगांचा नियम. हवं तेव्हा तो लावायचा, नको तेव्हा सोडायचा, ही सवय ग्रहांची नाही, सांगणाऱ्याची.

आता कुंडलीकडे येऊ. देशाची कुंडली मांडायची तर जन्मवेळ लागते. भारतासाठी बहुतेक जण 15 ऑगस्ट 1947 ची मध्यरात्र, दिल्ली, ही वेळ घेतात. वृषभ लग्न (लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास), लग्नात राहू, मिथुनेत मंगळ, तुळेत गुरू आणि कर्केत रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी असे पाच ग्रह. पण प्रजासत्ताक जाहीर झालं 26 जानेवारी 1950 ला सकाळी 10 वाजून 18 मिनिटांनी. त्या वेळेला मीन लग्न येतं. राज्य उलथायचं भाकीत राज्यघटनेच्या कुंडलीवर करायचं की स्वातंत्र्याच्या? दोन्ही कुंडल्या हाताशी असलेल्या माणसाची पंचाईत कधीच होत नाही. नेपाळचं तर विचारूच नका: 28 मे 2008 ला राजेशाही गेली, 20 सप्टेंबर 2015 ला घटना लागू झाली, आणि पृथ्वीनारायण शहांचा काळ मागे आहेच.

मध्यरात्रीचीच कुंडली धरली तरी काम सुटत नाही. अयनांश म्हणजे पाश्चात्त्य आणि आपल्या राशींच्या आरंभातला फरक, आणि तो मोजायच्या पद्धती अनेक. त्यातल्या लाहिरी अयनांशानं त्या वेळी चंद्र कर्केच्या 4 अंशांना जेमतेम टेकतो. पुष्य नक्षत्र 3 अंश 20 कलांना सुरू होतं (60 कलांचा एक अंश). म्हणजे पुष्यातल्या 800 कलांपैकी सुमारे 40 कला संपलेल्या, आणि शनीच्या 19 वर्षांच्या महादशेतली साधारण 18 वर्षं शिल्लक. (महादशा म्हणजे एकेका ग्रहाच्या अमलाचा ठरलेला काळ; पहिली कोणती ते चंद्राच्या नक्षत्रावरून ठरतं.) तिथून बुध 17, केतू 7, शुक्र 20, रवी 6, चंद्र 10 असं मोजत गेलं की मंगळाची महादशा सप्टेंबर 2025 ला लागते. नेपाळ पेटलं तोच महिना! त्यामुळे ‘आता आपला नंबर’ असे निरोप फिरले. पण हेच गणित रामन अयनांशानं करा. फरक सुमारे दीड अंशाचा. शनीच्या दशेत एक अंश म्हणजे 17 महिने, म्हणून मंगळ दोन वर्षांहून जास्त अलीकडे सरकतो आणि 2023 मध्येच सुरू होतो. शिवाय स्वातंत्र्याची वेळ सव्वा-दीड तास आधीची धरली तर चंद्र पुनर्वसूत जातो आणि सुरुवातच गुरूच्या दशेनं होते. मग पुढची सगळी रांग बदलते.

नेत्यांच्या कुंडल्यांत आणखी एक खड्डा आहे. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात युद्धामुळे भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. त्या काळात जन्मलेल्याची वेळ तशीच सॉफ्टवेअरमध्ये भरली तर लग्न साधारण 15 अंशांनी सरकतं, दोनात एकदा राशीच बदलते. त्याआधीच्या काळातली वेळ स्थानिक असेल तर नागपूरसाठी भारतीय प्रमाणवेळेशी सुमारे 13 मिनिटं 40 सेकंदांचा फरक धरावा लागतो. चार मिनिटांना लग्नाचा एक अंश, म्हणजे साडेतीन अंश इथेच गेले. टीव्हीवर अमुक नेत्याच्या कुंडलीत राजभंग, म्हणजे सत्ता जायचा, योग आहे असं ऐकलं की मी आधी एवढंच विचारतो: वेळ कुठून आणली?

लंडनमध्ये हा सगळा खेळ पावणेचारशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे, तोही खऱ्याखुऱ्या क्रांतीत. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांचं यादवी युद्ध चालू असताना दोन्हीकडे ज्योतिषी होते. राजाच्या बाजूच्या जॉर्ज व्हार्टननं 7 मे 1645 ला राजा ऑक्सफर्डहून निघाला त्या क्षणाची कुंडली मांडली आणि विजय सांगितला. पार्लमेंटच्या बाजूच्या विल्यम लिलीनं तीच कुंडली घेऊन नेमकं उलट सांगितलं. लिलीची पुस्तिका बाजारात आली 14 जूनला, आणि त्याच दिवशी नेसबीच्या लढाईत राजा हरला. एकच आकाश, एकच वेळ, एकच गणित. फरक फक्त कोण कुणाच्या छावणीत बसलंय याचा. 1648 ला कोल्चेस्टरच्या वेढ्यात लिली आणि जॉन बुकर यांना मुद्दाम पार्लमेंटच्या सैन्यात नेलं, शिपायांना धीर द्यायला. आणि याच लिलीकडे राजाच्या सुटकेसाठी धडपडणारी जेन होरवूडही सल्ल्याला येत असे. राजाला डांबलं होतं त्या कॅरिसब्रुक किल्ल्यातल्या खिडकीचे गज कापायला कानस आणि तेजाब मिळवून द्यायलाही लिलीनं हात लावला. पुढे तुरुंगात पडलेल्या व्हार्टनला सोडवायलाही तोच धावला. धंदेवाईक माणुसकी म्हणा हवं तर.

त्याची पडतीही सांगायला हवी. 29 मार्च 1652 च्या सूर्यग्रहणाआधी लिली आणि निकोलस कल्पेपर यांनी एवढं छापलं, की लोक लंडन सोडून बाहेर पडले. कल्पेपरनं तर युरोपातली राजेशाही संपणार असं सांगितलं होतं. दिवस आला आणि गेला, मग टवाळी झाली. पण खरा चाप लागला तो 1660 ला राजेशाही परत आल्यावर. छापण्याआधी परवाना घ्यायचा कायदा 1662 ला झाला आणि पंचांगांतली राजकीय भाकितं सरकारी कात्रीखाली आली. ज्योतिष खोटं आहे म्हणून नव्हे, तर ते लोकांना पटतं म्हणून. आपल्याकडे भाकितांवर बंदी मागणाऱ्या मित्रांनी हा तपशील लक्षात घ्यावा. सरकारला भाकीत खोटं असल्याची पर्वा कधीच नसते. ते गैरसोयीचं आहे का, एवढंच ते बघतं.

आजचा ब्रिटिश नियम मला जास्त पटतो. इथल्या प्रसारण नियामकाच्या संहितेत राशीभविष्य दाखवायला मनाई नाही. करमणूक म्हणून दाखवा, पण कुणा व्यक्तीला आयुष्य बदलेल असा सल्ला पडद्यावरून देऊ नका, एवढंच. इथली वृत्तपत्रं राशीभविष्य आनंदानं छापतात. फक्त पंतप्रधान कधी पडणार यासाठी संध्याकाळच्या बातम्यांत ज्योतिषी बसवत नाहीत, त्या कामासाठी त्यांच्याकडे मतदानपंडित आहेत. त्यांच्या चुका मात्र दुसऱ्या दिवशी आकड्यांसकट मोजल्या जातात.

नागपुरात मात्र वाद दरवेळी ‘विज्ञान की अंधश्रद्धा’ याच वळणावर जाऊन अडतो. इकडे रामटेकच्या संस्कृत विद्यापीठाचा दाखला, तिकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचं आव्हान. जयंत नारळीकरांनी दाभोलकर आणि इतरांबरोबर केलेली चाचणी या वादात येते, ती यावीच: 27 ज्योतिषांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायचा प्रयत्न केला, यश 46 टक्के, नाणं उडवण्याहून कमी. पण ती चाचणी व्यक्तींच्या पत्रिकांची. राज्यक्रांतीच्या भाकिताची अशी चाचणी घेता येत नाही, कारण ते कुणी बांधून सांगतच नाही.

पाश्चात्त्य पद्धतीतही तेच. हर्षल, नेपच्यून, प्लूटो घेऊन फ्रेंच क्रांतीच्या वेळी हर्षल-प्लूटो प्रतियोग, म्हणजे दोघे समोरासमोर, होता असं सांगतात. होता, हे खरं. पण गुरूपासून प्लूटोपर्यंत पाच संथ ग्रह, त्यांच्या दहा जोड्या, प्रत्येकीच्या युती (एकत्र), प्रतियोग आणि दोन केंद्रयोग (90 अंशांवर) अशा चार जागा, आणि दहा अंशांची सूट. एका जोडीला 360 पैकी 80 अंश लागू पडणारे मिळतात. दहाही जोड्या धरल्या तर कुठल्याही दिवशी निदान एक योग चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या वर जाते. शिवाय राशीचा घोळ: 20 फेब्रुवारी 2026 ची शनी-नेपच्यून युती लंडनच्या ज्योतिषाला मेषेच्या आरंभी दिसते, म्हणून नवी सुरुवात. आपल्या पंचांगात ती मीनेच्या साडेसहा अंशांवर, म्हणून शेवट. कुणाचं ऐकायचं?

साध्या नियमातसुद्धा फट असते. वर्षाचा राजा गुढीपाडव्याच्या वारावरून, मंत्री मेष संक्रांतीच्या वारावरून. 2025 चा पाडवा रविवारी, म्हणून राजा रवी. मेष संक्रांत 14 एप्रिलला पहाटे साडेतीनच्या आसपास. तारीख सोमवारची, पण आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणजे अजून रविवारच. इंग्रजी वार धरला तर मंत्री चंद्र, पंचांगाचा धरला तर मंत्रीही रवी. राजा-मंत्री एक म्हणजे एकाधिकार, वेगळे म्हणजे ओढाताण. वर्षभराचं राजकीय फल एका वाराच्या घोळावर!

त्यामुळे पुढच्या वेळी ‘राज्य पालटणार’ असा निरोप आला की तो खरा-खोटा ठरवायच्या आधी पाठवणाऱ्याकडून लिहून घ्यावं: कोणत्या वेळेची कुंडली, कोणता अयनांश, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय घडलं म्हणजे भाकीत खरं धरायचं. राजीनामा, निवडणुकीतला पराभव की फक्त मोर्चा, हेही. चुकलेली भाकितंही त्याच वहीत ठेवायची, निवडून ठेवायची नाहीत.

गंमत अशी, की विदर्भात ही शिस्त निम्मी तरी पाळणारी एक प्रथा आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट, कडेनं 18 धान्यं, मधल्या खड्ड्यावर पाण्यानं भरलेली घागर, पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, पापड, वडा, करंजी आणि राजाच्या गादीसाठी पानविडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे गावासमोर वाचन होतं आणि दुसऱ्या दिवशी ते छापून येतं. तारीख ठरलेली, मुदत ठरलेली, पिकाचं नाव घेऊन सांगितलेलं. जुन्या वृत्तपत्रांतून गेल्या वीसेक वर्षांचं वाचन काढून शेजारी जिल्ह्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे आणि दिल्लीतल्या सरकारांच्या तारखा मांडणं अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या एखाद्या पोरीला दोन महिन्यांत जमेल. कागदपत्रं सगळी मराठीत आहेत आणि ग्रंथालयांत पडलेली आहेत.