सीक्वेन्शियल स्कॅन बंद करा म्हणे!

‘पोस्टग्रेस इंडेक्स वापरत नाही? एका ओळीत उपाय!’ हा पोस्टग्रेस डेटाबेसबद्दलचा फॉरवर्ड ग्रुपाग्रुपांत फिरतोय तोवर दुर्लक्ष केलं. आता आमच्या टीममधल्या ज्युनियरने ती ओळ प्रॉडक्शनच्या कॉन्फिगसाठी रिव्ह्यूला पाठवली, म्हणून हे लिहितोय. फॉरवर्डचं म्हणणं असं: प्लॅनर (क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) चुकतो, इंडेक्स (ओळी पटकन शोधायची वेगळी यादी) सोडून सीक्वेन्शियल स्कॅन करतो, म्हणजे अख्खं टेबल सलग वाचतो; म्हणून ‘एनेबल_सीकस्कॅन’ ही सेटिंग ऑफ करा, प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाका आणि दर महिन्याला रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं) चालवा.

खरा घात पहिल्या सल्ल्यात आहे. त्या सेटिंगने सीक्वेन्शियल स्कॅन बंद होतच नाही. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की तो पूर्ण बंद करणं अशक्य आहे. दुसरा मार्ग असेल तर प्लॅनर तो टाळतो, एवढंच. आता या पोराची क्वेरी बघा. इंडेक्स ‘क्रिएटेड_ॲट’वर, आणि अट ‘डेट(क्रिएटेड_ॲट) = '2024-03-01'’. कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला की साधा इंडेक्स त्या अटीला लागूच होत नाही. दुसरा मार्गच नाही, तर सेटिंग ऑफ करून काय उजेड पडणार? ‘1 मार्च किंवा नंतर, आणि 2 मार्चच्या आधी’ अशी अट लिहिली, लगेच इंडेक्स स्कॅन आला.

उलट ‘स्टेटस = 'ॲक्टिव्ह'’ला टेबलातल्या बहुतेक ओळी जुळत असतील, तर पानापानावर उड्या मारण्यापेक्षा टेबल सलग वाचणंच स्वस्त. सर्व्हरभर सेटिंग लावलीत की असल्या धडधाकट क्वेऱ्याही महागड्या रस्त्याला लागणार. तपासायचंच असेल तर आपल्या सेशनपुरतं ऑफ करून ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ (क्वेरी चालवून निवडलेला मार्ग आणि लागलेला वेळ दाखवणारी कमांड) बघा. तरीही सीक्वेन्शियल स्कॅनच आला, तर अट नाहीतर डेटा टाइप तपासा. इंडेक्स आला पण वेळ वाढला, तर प्लॅनर बरोबर होता.

प्लॅनर कधी चुकतो, हे नाइलाजाने मान्य. ‘रँडम_पेज_कॉस्ट’, म्हणजे इकडेतिकडे उडी मारून एक पान वाचायची प्लॅनरने धरलेली किंमत, डिफॉल्ट 4 आणि सलग वाचायची 1. एसएसडीला हा हिशोब जुना पडतो, तिथे 1.1 च्या आसपास ठेवतात. मोठा डेटा लोड करून ‘ॲनलाइझ’ (टेबलाची आकडेवारी गोळा करणारी कमांड) झालं नसेल तर प्लॅनर वापरतो ती आकडेवारीही शिळी असते. मग ते दुरुस्त करा ना!

प्रत्येक कॉलमवर इंडेक्स? प्रत्येक इन्सर्टला ते सगळे इंडेक्स लिहावे लागतात, तो खर्च कोण भरणार? आणि रीइंडेक्सने फुगलेला इंडेक्स आटोपशीर होतो, चुकीची अट बरोबर होत नाही.