डाळीच्या लेखावरची प्रतिक्रिया आणि माझं उत्तर

'चिकित्सक' साहेब,

आई डाळ शिजवताना एकेक गोष्ट करून बघायची ते विज्ञानच होतं, असं मी डाळीच्या लेखात म्हटलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच लिहिणार होतो पण बायको म्हणाली झोपून उठा मग लिहा, म्हणून आत्ता लिहितोय. आधी माझी चूक, कुकरमध्ये तापमान दीडशेला जातं असं मी लिहिलं होतं ते चुकलं, घरच्या कुकरात ते साधारण १२० अंशांपर्यंतच जातं. दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचं ते वाक्य. "आईला डाळ शिजवता आली म्हणजे ती वैज्ञानिक झाली का, तुम्हाला विज्ञान आणि आजीबाईचा बटवा यातला फरकच कळत नाही." कळत नाही? अहो २६ वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलंय मी. मुद्दा मांडा ना, मी कुठे नको म्हटलंय, पण ही काय बोलायची पद्धत झाली? नाव लपवून लिहायचं आणि वर दुसऱ्याची अक्कल काढायची.

आम्ही सोलापूरकडचे. घरी बोअरचं पाणी, इतकं जड की तांब्याच्या बुडाला पांढरा थर धरायचा. तूरडाळ सात-आठ शिट्ट्या झाल्या तरी कचकचीत, वरण म्हणजे वर पाणी न खाली डाळ. आई आधी वाण्याशी भांडली, जुनी डाळ दिलीस म्हणून. वाणी बदलला तरी तेच. मग एकदा मृगाच्या पावसात तिने पागोळ्यांखाली घागर लावली (पहिली सर सोडून, पत्र्यावरची घाण येते म्हणून) आणि त्या पाण्यात डाळ लावली तर तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी! दुसऱ्या दिवशी मुद्दाम तीच डाळ, तोच कुकर, पण पाणी बोअरचं. परत कचकचीत. मी आठवीत होतो, चुलीपाशी बसून बघितलंय. एक गोष्ट बदलायची न बाकी सगळं तसंच ठेवायचं, याला तुमच्याकडे काय म्हणतात? पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (दाण्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ) घट्ट धरून ठेवतं म्हणून दाणा फुटत नाही, हे मला खूप नंतर कळलं, आईला कधीच नाही. पण चिमूटभर खायचा सोडा टाकला की काम होतं, आणि चिंचेचा कोळ डाळ शिजल्यावरच घालायचा, आधी आंबट पडलं की डाळ शिजायचं नाव घेत नाही, हे तिचं तिने करून बघून ठरवलं होतं. कुणी पुस्तक आणून दिलं नव्हतं.

महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं त्याचा इथे काय संबंध, असंही विचारलंय. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून उघड्या भांड्यात डाळ शिजायला वेळ लागतो, हाच संबंध. लेख परत वाचा.

बाकी, हीच आई ग्रहणात दह्या-लोणच्यावर तुळशीपत्र ठेवायची का, ते पण विज्ञानच का, आणि तिचे फसलेले अंदाज लेखात का नाहीत वगैरे. ठेवायची. तो विषय वेगळा आहे, कधीतरी लिहीन. आणि घटनेतलं ५१क (वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगणारं) मला नका शिकवू, दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळेत त्यावर मीच भाषण ठोकायचो.

एक करा. वाटीभर तूरडाळ घ्या, अर्धी आरओच्या पाण्यात लावा, अर्धी बोअरच्या, शिट्ट्या मोजा आणि इथे येऊन लिहा. फक्त कुकर स्वतः लावा, घरात कुणाला सांगू नका.