हातात पटाशी न धरलेल्यांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

बाहुल्यांचे रूप आणि त्यांची घडण काळानुसार कशी बदलत गेली, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: लाकडाची जागा फोमने घेणे ही निव्वळ घसरण आहे, या बदलाचे खरे कारण टीव्ही आहे, बाहुल्यांच्या खेळासाठी ओळखले जाणारे पिंगुळी गाव मी लिहिल्याप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्यात नाही, आणि शेवटी, ‘ज्यांनी आयुष्यात हातात पटाशी धरली नाही, त्यांनी बाहुल्यांवर प्रवचन देऊ नये.’

पिंगुळीबाबत आपले बरोबर आहे. ते गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळ आहे. १९८१ पूर्वी तो भाग रत्नागिरीत मोडत असे, तरी चूक ती चूकच. लेखात दुरुस्ती केली आहे. टीव्हीचा उल्लेख मूळ लेखात आहेच, तो कृपया पुन्हा वाचावा.

शेवटचे वाक्य मात्र मला लागले, आणि ते तसेच सोडून देणे मला शक्य नाही. माझे वडील भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावात सुतारकाम करीत. वखर, तिफण, बंडीची चाके हे त्यांचे रोजचे काम असे, आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी आमच्या सपरीत (ओसरीत) लाकडी नंद्यांची रांग लागे. नंदीचे वशिंड घासून गुळगुळीत करण्याचे काम मी नऊ वर्षांचा असल्यापासून करीत आलो आहे. डाव्या अंगठ्यावरचा पटाशीचा व्रण आजही आहे. तो दाखविण्याची वेळ एका अनोळखी वाचकाने माझ्यावर आणावी, याचे मला वाईट वाटते.

पहिला सूत्रबाहुला, म्हणजे दोऱ्यांनी चालणारा बाहुला, मी आमच्याकडच्या दंडार या लोकनाट्यातले सोंग डोळ्यांसमोर ठेवून केला. त्याचे डोके सागवानाचे होते आणि वजन साडेसातशे ग्रॅम भरले. मान वळविली की डोके वळे, पण जागेवर थांबत नसे. झोका घेत राही, आणि तेवढ्या वेळात खांद्याचे दोरे सैल पडून हात लोंबकळत. म्हणून दुसरे डोके मी काटसावरीचे केले. ते हलके होते, परंतु त्या मऊ लाकडात टोकदार नाक टिकेना, दोनदा कपची उडाली. तेव्हा मी नाक बसके आणि रुंद केले, कान डोक्याला चिकटवून कोरले. गावातील मुलांना तो चेहरा अधिक आवडला. चेहऱ्याचा तो बदल लाकडाने घडविला होता, माझ्या कल्पनाशक्तीने नव्हे. माझ्या लेखाचे सारे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी पटाशी हातात धरूनच शिकलो आहे.

आपण ज्या परंपरेचा दाखला देता, ती परंपराही कधी एका जागी थांबलेली नाही. जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्यात पूर्वी एक बाहुली एकच माणूस चालवीत असे. १७३४ मध्ये ओसाकात तीन माणसांची पद्धत रुजली: एकाकडे डोके व उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. राजस्थानच्या कठपुतळीला बहुधा पायच नसतात, लांब घागऱ्याचा घेर तिची चाल दाखवितो. त्या घडविणाऱ्यांना पाय कोरता येत नव्हते, असे आपण म्हणणार आहात काय? आपल्याकडच्याच छायाबाहुल्यांची, म्हणजे पडद्यावर सावली पाडणाऱ्या बाहुल्यांची, उदाहरणे पाहा: आंध्रच्या तोलुबोम्मलाटात रंगीत, प्रकाश आरपार जाणारे कातडे असते, तर ओडिशाच्या रावणछायेत बिनरंगी, सांधे नसलेली काळी आकृती. कातडे दोन्हीकडे आहे, चेहरे मात्र पूर्ण वेगळे झाले.

फोमविषयी, म्हणजे मऊ बाहुल्यांविषयी, बोलायचे तर अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे भाग घेऊन कर्मिट हा पुढे बेडूक म्हणून गाजलेला बाहुला केला, तेव्हा तो बेडूकही नव्हता. बेडकाचे रूप नंतर आले. त्या मऊ कापडाखाली हाताची बोटे असल्यामुळे नुसती मूठ आवळली तरी चेहरा रुसतो. कोरलेल्या चेहऱ्याला ते जमत नाही, म्हणून लाकडी बाहुलीचे डोळे मोठे आणि भाव मोघम ठेवावे लागतात. फोमच्या बाहुलीत कसब तोंडात असते. नवखा मुलगा बोलताना चार बोटे वर उचलतो आणि बाहुली आभाळाकडे बघत बडबडते. अंगठा खाली नेऊन जबडा उघडायला त्याला चार-सहा महिने लागतात. ज्याने ते शिकविले आहे, तो फोमला ‘घसरण’ म्हणणार नाही.

आपण स्वतः किती बाहुल्या घडविल्या, हे मी विचारीत नाही. पण दुसऱ्याचे हात न पाहता त्याला गप्प करण्याची ही भाषा मला सभ्य वाटत नाही.

सागाचे आणि सावरीचे अशी दोन्ही डोकी आमच्या सपरीत एकाच खुंटीला टांगलेली आहेत. कधी भंडाऱ्याकडे येणे झाले, तर आपण ती हातात घेऊन पाहावीत. सागाचे डोके उचलताना दोरा बोटांवर न घेता मनगटाला गुंडाळून घ्या, नाहीतर तो कापतो.